बाळाच्या जिभेच्या मुळाशी जन्मजात गाठ: लगेच ऑपरेशन?

मुलगा अडीच महिन्यांचा. जिभेच्या मुळाशी पाण्याची गाठ आहे. पिताना धाप लागते, उताणा झोपवला की घरघर. सर्जन म्हणतात, काढूया. सासूबाईंचं एकच: एवढ्याशा जिवाला कापाकापी कशाला, सुईने पाणी काढा!

↳ सुईने गाठ तेवढ्यापुरती बसते. आवरण आतच राहतं, पुन्हा भरतं. आमच्या लेकीचं तेच झालं. मग तोंडातूनच पूर्ण काढली, बाहेर टाका नाही.

↳ मी भूलतज्ज्ञ. गळ्याची सोनोग्राफी झाली का? त्या जागची गाठ कधीकधी गळ्यात खाली न उतरलेली थायरॉईड ग्रंथीच असते, आणि काही बाळांत थायरॉईड तेवढीच, दुसरी नसते. ती काढली तर गोळ्या जन्मभर. कापणं त्या मानाने सोपं हो, आमची कसोटी श्वासनळीत नळी घालताना. गाठ वाटेतच बसलेली असते. नंतर जीभ सुजते, म्हणून लहान मुलांचं आयसीयू असेल तिथेच करा. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर तारखेची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत.

↳ थायरॉईडचं कुणी बोललंच नव्हतं. उद्याच विचारते. सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या गप्प आहेत सध्या.