‘चावडी’ या शब्दाचा नेमका अर्थ आणि मूळ काय?

प्रश्न

वडिलांच्या नावावरील जमिनीच्या वारस नोंदीचे काम सुरू असताना ‘नोंदीची प्रत चावडीवर लावली आहे’ असे मला सांगण्यात आले. आमच्या गावात चावडी म्हणून ओळखली जाणारी इमारत आता उरलेली नाही, तरी कागदोपत्री हा शब्द जिवंत आहे. चावडी म्हणजे सभागृह, की कचेरी, की केवळ गावाने बसण्याची जागा? आणि हा शब्द मुळात मराठी आहे, की दुसऱ्या भाषेतून आलेला? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली होत्या, हेच या शब्दाचे वैशिष्ट्य आहे. पाटील-कुलकर्णी सारावसुली तेथे करीत, तंट्याचा निवाडा तेथे होई, सरकारी हुकूम तेथेच वाचून दाखवला जाई आणि काम नसेल तेव्हा गाव तेथेच टेकत असे. सभागृहात लोक सभेपुरते जमतात; चावडी मात्र सभा असो वा नसो, गावाच्या कारभाराची कायमची जागा असे. ती सर्वांना सारखी खुली होती, असे मात्र समजू नये. अनेक गावांत जातीप्रमाणे कोणी वर बसायचे आणि कोणी खाली उभे राहायचे हे ठरलेले असे.

कागदपत्रांतील शब्दाचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद केली की तिची संपूर्ण प्रत त्याच वेळी चावडीतील ठळक जागी लावावी लागते. ज्या गावात चावडी नाही, तेथे जिल्हाधिकारी सांगतील ती जागा चावडी समजावी, अशी तरतूदही त्याच संहितेत आहे. म्हणजे आपल्या गावातील इमारत गेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने आपल्या गावाला चावडी आहेच. सातबाराच्या संगणकीकरणाच्या वेळी झालेले ‘चावडी वाचन’ याच परंपरेतले. आपल्या नोंदीची प्रत नेमकी कोठे लावली आहे, हे तलाठ्यांकडून जरूर समजून घ्या, कारण हरकतीची मुदत चुकली तर पुढे फार त्रास होतो.

प्रतिसाद २

व्युत्पत्तीविषयी लिहितो. कन्नड आणि तेलुगूत ‘चावडि’, तमिळमध्ये ‘सावडि’ आणि मल्याळममध्ये ‘चावटि’ अशी या शब्दाची भावंडे आहेत. तमिळमध्ये तर तो आजही रोजच्या वापरात आहे: टोलनाक्याला ‘सुंगच्चावडि’ आणि मतदान केंद्राला ‘वाक्कुच्चावडि’ म्हणतात. मद्रासच्या इंग्रजांनी त्याचेच ‘चौल्ट्री’ केले. वाटसरूंच्या धर्मशाळेलाही ते हेच नाव देत आणि तेथील जुन्या न्यायालयालाही.

‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा शब्द संस्कृत ‘चतुर्’ आणि ‘वाट’ यांवरून, म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा अशा अर्थाने, लावलेला आहे. अर्थ पटण्यासारखा असला, तरी मराठीपुरते पाहता मला ही व्युत्पत्ती पटत नाही. समासाच्या आरंभी ‘चतुर्’ आला की मराठीत त्याचा बहुधा ‘चौ’ होतो: चौकोन, चौकट, चौपदरी. ‘चौवाडी’ न होता ‘चावडी’ का झाली, याचे उत्तर मराठीच्या ध्वनिनियमांत मिळत नाही. उलट चारही मोठ्या दक्षिणी भाषांत हा शब्द घट्ट रुजलेला दिसतो. म्हणून तो आपल्याकडे दक्षिणेकडून आला, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उद्याच तलाठ्यांना भेटतो. मग ‘चव्हाटा’ आणि ‘चावडी’ यांचा संबंध नाही, असे समजावे का?

प्रतिसाद २

माझ्या मते नाही. ‘चव्हाटा’ हा प्राकृत ‘चउहट्ट’वरून आलेला, चार बाजूंनी बाजार असलेला चौक, तेथे ‘चतुर्’ स्पष्ट दिसतो. अर्थाचा फरकही मराठीने नीट जपला आहे. चव्हाटा उघडा, म्हणून गोष्ट चव्हाट्यावर येते तेव्हा अब्रू जाते. चावडीला छप्पर आहे आणि तेथे ऐकून घेणारे कोणी बसलेले आहे, म्हणून तंटा चावडीवर नेतात तो निवाड्यासाठी.