दोन बॅगा, चारशे डॉलर आणि मंगळवारची नर्स

रानजाई :

गेल्या आठवड्यात अमेरिकेतील गरिबीवरच्या धाग्यात माणदेशी यांनी लिहिले, की १९९८ साली दोन बॅगा आणि चारशे डॉलर घेऊन उतरलेला माणूस जर पंचवीस वर्षांत टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये स्वतःचे घर करू शकतो, तर इथेच जन्मलेल्या, इंग्रजी बोलतच वाढलेल्या आणि बारावीपर्यंत फुकट शिकलेल्या माणसाचे गरीब राहणे हा निव्वळ आळस समजावा. त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दोन ओळींत उत्तर देणार होते, पण तेवढ्याने राग शमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

'फुकट शिक्षण' या शब्दांपाशीच थांबू. फिलाडेल्फियाच्या वेशीला लागून असलेल्या एका गरीब स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (स्थानिक करावर शाळा चालवणाऱ्या विभागात) मी सहा वर्षे सहायक शिक्षिका आहे. आमच्या शाळेत नर्स फक्त मंगळवारी येते. दुसरीतल्या एका मुलाला दमा आहे आणि त्याचा पंप ऑफिसातल्या कुलूपबंद खणात असतो. मधल्या सुटीत मैदानाच्या दारापाशी तो मला रोज विचारतो, "मिस, आज मंगळवार आहे का?" हो म्हटले की तो धावतो, नाही म्हटले की भिंतीला टेकून इतरांचा खेळ बघत उभा राहतो. सात वर्षांच्या मुलाने एवढा हिशेब शिकला आहे, त्याला आळशी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

नर्स रोज का येत नाही, याचे कारण आपण सारे जाणतो, कारण घर घेताना प्रत्येकाने आधी शाळेचे रेटिंग आणि मग स्वयंपाकघर पाहिलेले आहे. शाळेचा मोठा पैसा त्या भागातल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो आणि केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. समजा, आमच्याकडच्या एक लाखाच्या घरावर तीन टक्के कर लावला, तर हाती तीन हजार येतात. शेजारच्या आठ लाखांच्या घराला सव्वा टक्काच कर असला तरी दहा हजार येतात. म्हणजे गरिबाने दराने जास्त भरायचे आणि शाळेला मात्र कमी मिळायचे. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने ही रचना फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवली. त्याच खटल्यात विधिमंडळाच्या नेत्यांकडून लढणाऱ्या एका वकिलाने विचारले होते, की मॅकडोनाल्डमध्ये काम करण्याच्या वाटेवर असलेल्याला बीजगणिताचा काय उपयोग?

आता माणदेशींच्या बॅगांकडे वळते. त्यांचे शिक्षण माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, हे त्यांनीच अनेकदा अभिमानाने लिहिले आहे. त्या दुष्काळी गावच्या घरपट्टीतून मास्तरांचा पगार निघाला असता का? तो राज्याच्या तिजोरीतून येत होता आणि बारामतीच्या मास्तरांएवढाच येत होता. बॅगा दोनच होत्या हे खरे, पण त्यांतली एक महाराष्ट्र शासनाने भरून दिली होती.

माणदेशी :

धागाकर्तीने माझ्या बॅगा उघडून आतले सामान मोजल्याबद्दल आभार. शाळा सरकारी होती, हे मी कधीच नाकारले नाही. परंतु त्याच शाळेत माझ्याबरोबर चाळीस मुले होती, त्यांतले दहावी ओलांडणारे सहा निघाले. मास्तर तेच, फळा तोच आणि खिचडीही नव्हती, कारण ती योजना आमच्या नंतरची. मग फरक कशाचा पडला, याचे उत्तर रानजाई देणार नाहीत, कारण ते त्यांच्या धाग्याला सोयीचे नाही.

टेक्सासबद्दलही थोडे ऐका. १९९३ पासून इथे श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या करातला हिस्सा राज्य काढून घेते, लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. आमच्या डिस्ट्रिक्टमधून कोट्यवधी डॉलर जातात आणि आमच्याच शाळेत वर्गात मुले वाढवून शिक्षक कमी केले जातात. ज्यांना पैसा ओतला की शाळा सुधारते असे वाटते, त्यांनी मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचा इतिहास वाचावा. १९८५ नंतर न्यायाधीशाच्या हुकमाने तिथे दोन अब्ज डॉलरच्या घरात खर्च झाला, ऑलिंपिकच्या मापाचा पोहण्याचा तलावही बांधला, आणि मुलांचे गुण होते तिथेच राहिले. नर्स रोज आणण्याने आईबाप मुलाचा अभ्यास घेऊ लागत नाहीत.

चष्मिष्ट :

रॉबिन हूड आकाशातून पडला नाही, त्यामागची कथा टेक्सासचीच आहे. सॅन अँटोनियोतल्या एजवूड या गरीब, बहुसंख्य मेक्सिकन वस्तीतल्या पालकांनी १९६८ मध्ये दावा लावला. तेव्हा एजवूडचा कर शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर होता आणि त्यातून एका मुलामागे स्थानिक २६ डॉलर उभे राहत. त्याच शहरातल्या अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट, म्हणजे कमी, आणि उभे राहत ३३३ डॉलर. १९७३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे ही विषमता चालू शकते. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती व्यवस्था रद्द केली, तेव्हा कुठे ही रॉबिन हूडची कपात आली.

कॅन्सस सिटीचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो, त्याला रानजाईंनी उत्तर द्यावे. तलाव आणि नर्स यांत फरक आहे एवढे म्हणून सुटका होणार नाही.

परतलेला पुणेकर :

शाळांचे चालू द्या, पण सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेच्या नावाने आपली जी लूट होते तिच्याबद्दल कोणी बोलेल का? मी एच-वन या नोकरीच्या व्हिसावर सहा वर्षे काम केले. दर पगारातून ६.२ टक्के कापले गेले, तेवढेच कंपनीने भरले. निवृत्तीवेतनासाठी चाळीस तिमाह्या लागतात, माझ्या चोवीस झाल्या, आणि व्हिसाची मुदत सहा वर्षांचीच. जर्मनीशी, बेल्जियमशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, अमेरिकेशी नाही. मी कोथरूडमध्ये बसून ओहायोतल्या म्हाताऱ्यांचे पेन्शन भरले आहे, आणि वर गरिबांविषयी सहानुभूती बाळगा असे मलाच सांगितले जाते.

चष्मिष्ट :

आपली तक्रार खरी असली तरी पत्ता चुकला आहे. सोशल सिक्युरिटी ज्याच्या त्याच्या पगारकपातीवर चालते. गरिबांसाठीची मेडिकेड ही आरोग्यविम्याची निराळी योजना असून तिचा पैसा सर्वसाधारण करांतून येतो.

एडिसनकर :

मेडिकेडचे नाव निघालेच आहे, तर मनातले लिहूनच टाकतो. आमच्या कॉलनीत रोज सकाळी साडेआठला पांढरी व्हॅन येते आणि ज्यांच्या मुलांच्या गॅरेजमध्ये दोन-दोन टेस्ला उभ्या आहेत अशा आजी-आजोबांना उचलून अॅडल्ट डे केअरला, म्हणजे वृद्धांच्या दिवसाच्या केंद्रात, नेते. तिथे भजन, हाउजी, गरम फुलके, रक्तदाब तपासणी, आणि दुपारी घरपोच परत. खर्च मेडिकेडचा, कारण कागदोपत्री आजोबांचे उत्पन्न शून्य! मुलाने त्यांना ग्रीन कार्डावर आणताना मी यांना सांभाळीन, सरकारवर भार पडू देणार नाही, असे लिहून सही केलेली असते. हेच चिरंजीव गणेशोत्सवात भेटले की फूड स्टॅम्पवर (सरकारी अन्नसाह्यावर) जगणाऱ्यांना फुकटे म्हणतात. माझे आईवडील साताऱ्यात आहेत, त्यांचा खर्च मी पाठवतो, म्हणून मला हे बोलण्याचा अधिकार आहे.

माणदेशी :

एडिसनकर, तोंड सांभाळून लिहा. ज्या वृद्धांबद्दल आपण हाउजी आणि फुलक्यांच्या गोष्टी सांगता, ते कायद्याने पाच वर्षे थांबून, पुढे नागरिकत्व घेऊन, रांगेत उभे राहून त्या सेवेस पात्र ठरलेले असतात. त्यांच्या मुलांनी वीस-पंचवीस वर्षे न चुकता कर भरलेला असतो. याला फुकटेगिरी म्हणणे हा मत्सर आहे.

चष्मिष्ट :

पाच वर्षे थांबण्याचा नियम १९९६ च्या कायद्याने आला आणि तो गरीब मेक्सिकन मजुरालाही तसाच लागू आहे, ही एक बाब. दुसरी बाब लिहावी की नाही असा विचार करत होतो. पण आई नागरिक झाल्यावर मेडिकेडचा अर्ज कसा भरावा आणि गावाकडचे निवृत्तीवेतन त्यात दाखवावे का, हे २०२२ मध्ये याच ठिकाणी कोणी विचारले होते, हे जुने सदस्य जाणतात.

एडिसनकर :

अरेच्चा! म्हणून एवढा तिळपापड झाला होय. टेस्ला एकच असल्यास क्षमस्व.

माणदेशी :

जुने धागे उकरून माणसाच्या आईपर्यंत पोहोचण्याची ही पद्धत मला नीच वाटते, तरी आता लिहितोच. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. आईने माणमधल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत बत्तीस वर्षे शिकवले, रोज चार मैल चालत. तिचे निवृत्तीवेतन मी खोटे बोलून लपवलेले नाही, अर्जात रुपयापर्यंत दाखवले आहे. आम्ही तिला इथे आणले तेव्हा आम्ही दोघेही सकाळी सातला बाहेर पडत होतो. आमच्या सबडिव्हिजनमध्ये दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही, तिला गाडी चालवता येत नाही. ती टपालगाडी येईपर्यंत खिडकीशी बसायची आणि ती गेली की पडदा ओढून घ्यायची. आठ महिन्यांत तिचे अकरा किलो वजन उतरले. खासगी मदतनीस ठेवायला महिन्याला किती लागतात ते एडिसनकर यांनी एकदा विचारून पाहावे. त्या केंद्रात जायला लागल्यापासून ती जेवते. तिथल्या बायकांची ती हजेरी घेते, खरोखरीची, वहीत. हे थांबवायचे असेल तर तसे स्पष्ट सांगा.

रानजाई :

कोणी थांबवू नये, माझा धागा त्याकरताच आहे. आपल्या आईंना ते केंद्र मिळावे म्हणून आपण चांगले मुलगे आहात की नाही, त्या कष्टाळू आहेत की नाही, हे तपासण्याची मला गरज वाटत नाही. आपण मात्र माझ्या वर्गातल्या मुलाच्या आईबापांची तपासणी पहिल्याच प्रतिसादात करून मोकळे झालात. त्याची आई वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करते, हे मी मुद्दामच आधी लिहिले नव्हते.

कॅन्सस सिटीत पैसा वाया गेला, हे कबूल. इमारतींवर आणि बाहेरची मुले खेचण्यावर उधळलेल्या पैशाने गुण वाढले नाहीत. पण पैसा थेट घरात गेला तर काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत सहा वर्षांखालच्यांना ३६०० आणि मोठ्यांना ३००० डॉलर केली, अगदी कमी उत्पन्नाच्या घरांनाही ती पूर्ण दिली, आणि साह्य धरून मोजली जाणारी बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. पुढच्या वर्षी वाढीव सवलत गेली आणि आकडा १२.४ झाला. एका वर्षात लाखो आईबाप आळशी झाले, असे म्हणायचे आहे का? चाळीसांपैकी सहाच पुढे गेले, या प्रश्नाचे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण शाळाच नसती तर ते सहाही गेले नसते.

परतलेला पुणेकर :

२०२१ ची ती सवलतही आम्ही परतलेल्यांना मिळाली नाही, याची नोंद असावी.

एडिसनकर :

माणदेशी, आपल्या आईंबद्दल वाईट वाटले, हाउजीचे वाक्य मागे घेतो. टेस्लाचे घेत नाही. प्रश्न आजींचा नाही, गणेशोत्सवात भाषण ठोकणाऱ्या चिरंजीवांचा आहे, आणि तिथे मी ठाम आहे.

माणदेशी :

ठीक आहे. मी दांभिक आहे, माझी एक बॅग महाराष्ट्र शासनाची होती आणि दुसरी बहुधा आईच्या पगाराची, म्हणजे तीही शासनाचीच. विद्वानांचे समाधान झाले असेल. 'निव्वळ आळस' हे शब्द मी मागे घेतो, त्यातला 'निव्वळ' आधी. परंतु मे महिन्यात आमच्या डिस्ट्रिक्टची बाँड निवडणूक, म्हणजे शाळांसाठी कर्ज काढावे का याचे मतदान, आहे, त्यात पुन्हा स्टेडियमचे दिवे घातले आहेत, आणि मी 'नाही' म्हणूनच मत देणार आहे.

रानजाई :

दिव्यांना मीही 'नाही'च म्हटले असते. जाताना आईंना सोबत न्या. त्याही नागरिक आहेत, आणि बत्तीस वर्षे हजेरी घेतलेल्या बाईंचे मत आपल्यासारखेच पडेल असे धरून चालू नका.