मदत हवी आहे: बीएच्या पोरांना खगोलशास्त्र, १५ हजारांत कोणता टेलिस्कोप?

पाटीखडू:
खुला ऐच्छिक विषय म्हणून 'खगोलशास्त्राची ओळख' यंदा माझ्याकडे आलाय. मी भूगोलाचा माणूस. दोन क्रेडिट, पोरं सगळी बीएची. १५ हजार मंजूर झालेत, ३१ मार्चच्या आत बिल लागलं पाहिजे. कोणता टेलिस्कोप घेऊ? शनीची कडी दिसलीच पाहिजे. आणि शून्य सावली दिवसाची (सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर, सावली गायब) तारीख कोणी सांगा, तो प्रात्यक्षिकांत टाकतो. आराखडा सोमवारी द्यायचाय, लवकर सांगा.

दुर्बीणवाला:
गाव कोणतं? पोरं किती? सेमिस्टर कोणतं, कॉलेज सुटतं कधी? शून्य सावलीची तारीख गावागणिक बदलते. जमीन कशी ते न सांगता बियाणं विचारताय.

पाटीखडू:
यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळ. साठ पोरं. दुसरं सेमिस्टर, जानेवारी ते एप्रिल. साडेदहा ते पाच. पोरं खेड्यांवरून एसटीनं येतात, शेवटची गाडी साडेपाचला. आता सांगा टेलिस्कोप.

सावलीमाप:
पाचला घरी जाणाऱ्या पोरांना टेलिस्कोपातून दाखवणार काय, पाण्याची टाकी?

समजा एक रात्र थांबवलीत. साध्या स्टँडवर १०० पट मोठं करून पाहताना आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे ग्रह दोन मिनिटांत या कडेनं आत आणि त्या कडेनं बाहेर. दर दोन पोरांमागे तुम्ही पुन्हा नेम धरत बसणार, साठावं पोरगं तोवर झोपलेलं. शनीचं तर विसराच. २०२६ काय नि २०२७ काय, मार्च-एप्रिलमध्ये तो सूर्याच्याच दिशेला आहे.

शून्य सावली तुमच्याकडे २१-२२ मे आणि २१-२२ जुलैला. मेमध्ये सुट्ट्या, जुलैत ढग. तो नाद सोडा आणि मैदानात एक मीटरची काठी रोवा. माध्यान्हीची सावली १५ जानेवारीला साधारण ८८ सेंमी, १५ फेब्रुवारीला ६५, २१ मार्चला ३७, १५ एप्रिलला १९ भरेल. चार मोजमापांत ऋतू का होतात ते पोरांच्या हाती येतं.

वऱ्हाडी_ठोका:
सर, खगोल म्हंजे पत्रिका पाह्यले शिकवता काय? असं असन तं मले बी ॲडमिशन द्या. लग्न जमून नाही राह्यलं भाऊचं.

पाटीखडू:
काठीचं ठीक आहे, पण मागच्या आठवड्यात बरोबर बाराला मोजून पाहिली तर सावली तिरकी पडली. उत्तरेला जायला पाहिजे ना?

सावलीमाप:
कारण तुमचे बारा हे मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाचे बारा आहेत. तुम्ही ७७.८ वर. फरक ४.७ अंश, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे सूर्य तुमच्या डोक्यावर १९ मिनिटं उशिरा. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कलण्यामुळे होणारी घट-वाढ वेगळी. फेब्रुवारीच्या मध्यावर माध्यान्ह १२.३३ ला, २१ मार्चला १२.२६ ला.

घड्याळाच्या भानगडीत न पडता करायचं असेल तर आपली जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत वापरा. काठीभोवती चुन्यानं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण, दुपारी पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही जोडली की पूर्व-पश्चिम रेषा. साडेदहाच्या कॉलेजला वर्तुळ लहान घ्या, नाहीतर पोरं येण्याआधीच टोक आत गेलेलं असतं.

दुर्बीणवाला:
काठीचं टोक उघडं ठेवू नका. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड सेंटिमीटरभर धूसर येते आणि सहा पोरं सहा आकडे सांगतात. टोकाला पुठ्ठा आडवा बांधून त्याला ५ मिमीचं भोक पाडा. सावलीत उजेडाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजायचा. भोकातून ओळंबा सोडून खालचा बिंदू पक्का करा. काठीच्या बुडापासून मोजलंत की चूक आली.

खडूफळा:
बीएच्या पोरांना टॅन थीटा येतो का पण? दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मंडळी आहेत. सावलीबिवली राहू द्या, संगणकावर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, चार तासांत सगळं आकाश.

सावलीमाप:
टॅन थीटा कोणी मागितला? आलेखाच्या कागदावर १० सेंमीची उभी रेघ, पायाशी ३७ मिमीची आडवी, टोकं जोडा, वरचा कोन कोनमापकानं मोजा. २०.३ च्या आसपास येतो. २१ मार्चला हाच गावाचा अक्षांश. स्टेलॅरियम पडद्यावर दाखवायला चांगलं, पण त्यात पोरगं काहीच मोजत नाही. आणि जागा हातानं टाका, नेट नसलं की ते पॅरिसचं आकाश दाखवत बसतं.

खडूफळा:
म्हणजे शेवटी वापरायचंच ना स्टेलॅरियम.

संत्रीवाला:
सहल काढा लोणारला! १.८ किलोमीटरचं विवर, बेसाल्टमध्ये पडलेलं, तुमच्यापासून फार लांब नाही. नाहीतर नागपूरला रमण विज्ञान केंद्राचं तारांगण.

दुर्बीणवाला:
तारांगण ठीक. लोणार बघावंच, पण साठ पोरांच्या एसटीचं भाडं या १५ हजारांतून काढणार का?

पाटीखडू:
नागपूरच्या एका कॉलेजशी जोडी जमवून, एकाच दिवशी दोन्हीकडे सावली मोजून पृथ्वीचा परीघ काढता येईल का? तिथे ओळख आहे.

सावलीमाप:
नागपूर नको. तुमच्यात नि नागपुरात अक्षांशाचा फरक ०.८५ अंश. मोजताना अर्धा सेंटिमीटर चुकलात की पाव अंश गेला, म्हणजे उत्तर ३० टक्क्यांनी बोंबललं. दिल्लीचं कॉलेज शोधा. फरक ८.३ अंश, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ९२० किमी, तीच चूक ३ टक्क्यांवर येते. २१ मार्चला तिथे सावली ५४-५५ सेंमी भरेल. आणि अंतर रस्त्याचं घेऊ नका, नकाशावरचं सरळ उत्तर-दक्षिण घ्या.

वऱ्हाडी_ठोका:
मस्करी सोडा. एक खराखुरा सवाल हाये. मृग लागते ७-८ जूनले. मंग मृग नक्षत्र थंडीतच काऊन दिसते? जूनमंधी वर पाह्यलं तं काहीच नाही.

सावलीमाप:
लाखातला प्रश्न, पाटीखडू सरांनी पहिल्याच तासाला हाच विचारावा. मृग लागलं म्हणजे सूर्य मृगात शिरला. सूर्य ज्या नक्षत्रात, ते दिवसा आकाशात, मग दिसेल कसं? सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो, तेव्हा मृग रात्रभर. पेरणीचं नक्षत्र पेरणीच्या वेळी कधीच दिसत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला एकदा कळलं की ते विसरत नाही.

दुर्बीणवाला:
रात्रीचं काम घरी द्या. खेड्यांतलं अंधारं आकाश पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना विकत मिळत नाही. हात लांब करून मूठ धरली की १० अंश. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर, तोच अक्षांश. रोज संध्याकाळी सातला चंद्र कुठे ते गावच्या क्षितिजाचं चित्र काढून त्यावर मांडायचं: मारुतीचं देऊळ, कडुनिंब, टॉवर. चंद्र रोज सव्वा मुठीहून थोडा जास्त पूर्वेला सरकतो. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर, हे भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघता येतं. तपासताना पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी सातला चंद्र मांडलेला दिसला तर वही कॉपी आहे. तेव्हा तो नऊच्या पुढे उगवतो.

गोंड वस्तीतली पोरं असतील तर सप्तर्षी त्यांनाच सांगू द्या. चार ताऱ्यांचं खाटलं आणि मागचे तीन चोर.

पाटीखडू:
सगळं पटलं. पण १५ हजार परत गेले तर पुढच्या वर्षी दमडी मिळणार नाही. काहीतरी घ्यावंच लागेल.

दुर्बीणवाला:
१० बाय ५० च्या (१० पट, ५० मिमी भिंगाच्या) दोन द्विनेत्री आणि एक तिवई, द्विनेत्री तिवईवर बसवायच्या एल आकाराच्या जोडासकट. हातात धरून १० पटीत तारे नाचतात, तिवईवर गुरूचे चार चंद्र स्पष्ट. गुरू २०२६ ला जानेवारीपासून आणि २०२७ ला फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत संध्याकाळी आहे. कृत्तिका, मृगातला तेजोमेघही. शनीची कडी दिसणार नाही, आधीच सांगून ठेवा.

सूर्यासाठी काही विकत घेऊ नका. बाजारात नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) बसवायच्या काळ्या काचा मिळतात, त्या तापून तडकतात आणि डोळा जातो. हातआरशावर कागद चिकटवून ५ मिमीचं भोक ठेवा, आरसा उन्हात, उजेड अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर. २० मीटरवर १८-१९ सेंमीचं सूर्यबिंब पडतं. अंतर भागिले बिंबाचा व्यास म्हणजे १०७-१०८. त्यानं १५ कोटी किमीला भागलं की सूर्याचा व्यास, १४ लाख किमीच्या जवळ.

पाटीखडू:
मंजुरी 'टेलिस्कोप' या नावानं आहे. बिलावर काय लिहायचं?

वऱ्हाडी_ठोका:
दुर्बीण लिहा. मराठीत दोन्हीले दुर्बीणच म्हनतेत.