जुना ऑइल बॉयलर: नुसता बर्नर बदलून गॅसवर न्यावा की बॉयलरच काढावा?

तळघरवाला
मंडळी, एक सल्ला हवाय. तळघरात बीडाचा ऑइल बॉयलर आहे, आधीच्या मालकाने बसवलेला, पंचविसेक वर्षांचा तरी असेल. गरम पाणी रेडिएटरमधून फिरतं, वाफेची सिस्टीम नाहीये. नळाचं गरम पाणीसुद्धा त्याच्याच आतल्या कॉइलमधून येतं. गळत वगैरे नाही, दरवर्षी सर्व्हिसिंग होतं, पण वर्षाला साधारण २,४०० लिटर तेल पितो आणि आता गॅसची लाइन दारापर्यंत आलीये. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आहे त्याच बॉयलरला गॅसचा बर्नर लावून देतो, स्वस्तात काम होईल. दुसरा म्हणतो जुनं काढून टाका, कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णतापण वापरणारा) घ्या. दोघंही आपापला माल विकणार हे उघड आहे. आणि घरातलं मत असं की चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. सर्व्हिसवाल्याच्या कागदावर कार्यक्षमता ८२ टक्के लिहिलीये, मग एवढा वाईट आहे का हा खरंच?

निळी ज्योत
याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते ८२ टक्के खरे आहेत, पण बर्नर पेटलेला असतानाचे. धुराचं तापमान आणि त्यातला ऑक्सिजन मोजून तो आकडा काढतात. बर्नर बंद झाल्यावर ते बीडाचं धूड तळघर तापवत बसतं आणि चिमणीवाटे उष्णता वर जात राहते, ते त्या कागदावर कुठेच येत नाही. शिवाय तुमचं नळाचं पाणी कॉइलमधून, म्हणजे उन्हाळ्यातपण बॉयलर कायम गरम ठेवावा लागतो, बादलीभर पाण्यासाठी. अशा सिस्टीमची वर्षभराची खरी कार्यक्षमता ७० च्या आसपास धरा, कमीपण निघेल.

आता हिशोब. एका लिटर तेलात साधारण १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, म्हणजे तुम्ही वर्षाला २४,००० युनिट जाळता आणि घराला मिळतात १६,८०० च्या आसपास. तेवढीच उष्णता ९२ टक्केवाल्या बॉयलरने द्यायची तर १८,३०० युनिटांत भागतं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा इंधन वाचलं. नुसता बर्नर बदललात तर मात्र २४,००० चे २४,००० च राहणार, फक्त ते गॅसचे असणार, एका घनमीटरला साधारण साडेदहा युनिट या हिशोबाने. फायदा झालाच तर तो दोन इंधनांच्या दरातल्या फरकाचा, आणि तो फरक उद्या उलटू शकतो. त्या दरात गॅसचा दरमहाचा फिक्स चार्ज धरायला विसरू नका, भलेभले विसरतात.

बर्नर बदलणं चूक आहे असं नाही म्हणत मी. बॉयलर दहा-बारा वर्षांचा असता आणि त्या मॉडेलला गॅस बर्नर चालतो असं कंपनीने लेखी दिलं असतं तर मीच म्हटलं असतं करा. पंचवीस वर्षांच्या बॉयलरवर नवा बर्नर म्हणजे जुन्या धोतराला नवा जरीकाठ. आणि करायचंच ठरलं तर काम झाल्यावर मशीन लावून कार्बन मोनॉक्साइड मोजून त्याची पट्टी हातात द्यायला सांगा. ज्योत निळी दिसतेय म्हणजे सगळं बरोबर, असं नसतं (माझं नाव काहीही असो).

जैसे थे
मी घरातल्यांच्या बाजूने. चालू मशीन काढू नये. बीडाचे बॉयलर चाळीस वर्षंपण जातात, नोझल (तेलाचा फवारा मारणारं तोंड) आणि फिल्टर बदला, आतली काजळी नीट साफ करून घ्या. त्याच पैशात आधी माळा इन्सुलेट करा, खिडक्यांच्या फटी बुजवा, तेल आपोआप कमी लागेल, आणि पुढे बॉयलर बदललात तरी तो लहान घ्यावा लागेल.

निळी ज्योत
@जैसे थे, इन्सुलेशन आधी, याला +१. फक्त बॉयलर बंद पडायची वाट बघत बसू नका एवढंच म्हणेन, कारण तो ऐन थंडीत बंद पडतो आणि मग जो मिळेल तो, जसा मिळेल तसा बसवून घ्यावा लागतो.

तळघरवाला
धन्यवाद. लहान बॉयलर म्हणजे किती लहान ते कसं ठरवायचं? दुसरा कॉन्ट्रॅक्टर "आहे त्याच साइजचा देतो" म्हणाला.

निळी ज्योत
असं म्हणणाऱ्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा 😀 जुने बॉयलर जवळपास सगळेच गरजेपेक्षा मोठे असतात. तुमच्या बर्नरच्या नोझलवर आकडा असेल. समजा १.०० आहे, म्हणजे तासाला एक अमेरिकन गॅलन, ३.८ लिटर, साधारण ४० किलोवॅट. आता वर्षातल्या सगळ्यात कडाक्याच्या दिवशी बर्नर एकूण किती तास चालतो ते मोजा, तासांचं छोटं मीटर लावून मिळतं. चोवीसपैकी सहा तास चालला तर बॉयलर चौपट मोठा आहे, सरळ गणित. बर्नर सतत चालू-बंद होत राहतो तो त्यामुळेच. नंतर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून खोलीवार हीट लोड, म्हणजे कुठल्या खोलीला किती उष्णता लागते ते, लेखी मागा आणि तुमच्या आकड्याशी ताडून बघा.

रेवा_का
चिमणीबद्दल कुणी बोललं नाही अजून. तेवढ्याच उष्णतेसाठी गॅस जाळला तर तेलापेक्षा साधारण दीडपट पाण्याची वाफ धुरात येते, आणि विटांच्या जुन्या चिमणीत आधीच्या तेलाची काजळी, गंधक असतं, त्यात ही वाफ थंड होऊन मुरली की आम्ल तयार होतं आणि आतून सांधे खायला लागतं. म्हणून बर्नर बदलला तरी चिमणीच्या आत स्टेनलेस स्टीलचा लायनर (अस्तरासारखा पाइप) टाकावा लागतो, आणि तो "स्वस्तातल्या" कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतोच. कंडेन्सिंगला चिमणीच लागत नाही, प्लास्टिकचा पाइप भिंतीतून बाहेर काढतात, पण त्याचं आम्लधर्मी पाणी सोडायला ड्रेन लागतो, तळघरात तो आहे का बघा.

आणि तेलाची टाकी काढलीत की बाहेरचा भरायचा पाइप त्याच दिवशी काढून टाका. टाकी गेली पण पाइप तसाच राहिला, आणि टँकरवाल्याने चुकीच्या पत्त्यावर येऊन तळघरात तेल ओतलं, असे प्रकार झालेले आहेत. हसण्यावारी नेऊ नका, ते घर राहण्यालायक उरत नाही.

गावकुसाबाहेर
आमच्याकडे गॅसची लाइन नाही त्यामुळे एलपीजीचा विचार चाललाय. लिटरमागे तेलापेक्षा बराच स्वस्त दिसतोय, म्हणजे फायद्याचाच ना?

रेवा_का
लिटरला लिटर लावू नका. प्रोपेनच्या (म्हणजे तुमच्या एलपीजीच्या) लिटरमध्ये सातच युनिट असतात, तेलात दहा. दर भागिले युनिट भागिले कार्यक्षमता, असं करून मगच तुलना करा. अजून एक, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळघरात खाली साचून राहतो, नैसर्गिक गॅस वर जातो. बॉयलर तळघरातच राहणार असेल तर तिथे एलपीजी ठेवायला परवानगी आहे का आणि डिटेक्टर कुठे लावायचा ते आधी विचारा, आणि तो जमिनीलगत लावतात, छताला नाही.

पंखा_बाहेर
तेल की गॅस यातच का अडकलात सगळे? हीट पंपपण (बाहेरची उष्णता विजेवर ओढून घरात आणणारं यंत्र) बघा की. एका युनिट विजेत अडीच-तीन युनिट उष्णता मिळते. फक्त कमी तापमानाच्या पाण्यावर तुमचे रेडिएटर घर गरम ठेवतात का हा प्रश्न.

निळी ज्योत
हा मुद्दा बरोबर आहे आणि तो कंडेन्सिंग बॉयलरलापण लागू होतो. रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच गॅसच्या धुरातली वाफ पाणी होते आणि ते ९० च्या वरचे आकडे दिसतात. रेडिएटरला ७५-८० अंशांचं पाणी पाठवत राहिलात तर नाव कंडेन्सिंग आणि काम साध्याचं. कंट्रोलरवाल्या गॅस बॉयलरवर थंडीत पाण्याचं तापमान ५० ला आणून घर गरम राहतंय का बघता येतं. @तळघरवाला, तुमच्या जुन्या बीडाच्या बॉयलरवर मात्र हा प्रयोग करू नका, त्यात परतीचं पाणी थंड आलं तर धुरातल्या वाफेचं आत पाणी होऊन बीड गंजतं. मिक्सिंग व्हॉल्व्ह (परतीच्या थंड पाण्यात गरम पाणी मिसळणारा) असेल तरच.

तळघरवाला
मिक्सिंग व्हॉल्व्ह नाहीये बहुतेक, बघतो. तोपर्यंत तासांचं मीटर लावून घेतो आणि दोघांकडूनही लायनर, टाकी काढणं, नळाच्या पाण्याची सोय हे सगळं धरून नवीन कोटेशन मागतो. माळ्याचं काम मात्र लगेच काढतो. एक राहिलंच, बदललाच तर टाकीतल्या उरलेल्या तेलाचं काय करतात?

रेवा_का
आतापासून पूर्ण टाकी भरून घेऊ नका, लागेल तेवढंच थोडं थोडं मागवा. तळाचा गाळ सोडून वरचं चांगलं तेल पंपाने काढून तेलावर असलेल्या शेजाऱ्याला देता येतं, टाकी काढणाऱ्यांना आधी विचारा, बरेच जण ते नेतात. गाळ मात्र घातक कचऱ्यात जातो, त्याची पावती जपून ठेवा, घर विकताना मागतात.