डिजिटल नागरिक मोजायचा कसा : माणूस धरून की घर धरून?

रानवाट_यवतमाळ
डिजिटल नागरिकत्व, म्हणजे इंटरनेटवरून समाजात आणि कारभारात भाग घेणं; त्याच्या संशोधनाचा भर सरकत गेलाय. माइक रिबल यांच्या 2007च्या पुस्तकातले नऊ घटक, म्हणजे मुख्यतः शाळेत नीट कसं वागावं. मॉसबर्गर या अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज इंटरनेट वापरणाऱ्यालाच डिजिटल नागरिक धरलं. 2017मध्ये चोई, ग्लासमन, क्रिस्टॉल यांची 26 विधानांची मोजपट्टी आली. तिच्यात राजकीय सहभाग आणि चिकित्सक दृष्टीही आहे. पण ती तपासली अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर. आपल्याकडे सातबारा बापाचा, फोन पोराचा, अर्ज सेतूवाल्याच्या हातचा. ती पट्टी इथे लावली की बाप शून्यावर. म्हणून मोजताना माणूस नको, घर हेच एकक धरा.

उमरखेडची_ताई
साफ अमान्य. घर धरलं की बाई पुसली जाते. पीएमजीदिशा या केंद्राच्या डिजिटल साक्षरता योजनेत घरटी एकालाच 20 तासांचं प्रशिक्षण होतं. कोण शिकलं असेल, सांगायला नको. आणि अंगठा घराचा नसतो. आधारवर अंगठ्याने परस्पर पैसे निघाले की जातात तिच्याच खात्यातून. अंगठा बंद ठेवणारं बायोमेट्रिक लॉक लावावं तर आधारला मोबाइल जोडलेला हवा, तो नंबर बहुतेकदा नवऱ्याचा. वर लॉक उघडायचं राहिलं की रेशनच्या पॉस मशीनवर अंगठा चालत नाही, आणि शिव्या दुकानदाराला.

सेतूवाला_भाऊ
ताई, तुमचं खरं हाये, पण काम कसं होते तेही पाहा. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवाच्या अ‍ॅपात, फोटो त्या गटात उभं राहूनच काढा लागते. रेंज नसली तरी फोटो काढून ठेवता येते, अपलोड मात्र रेंजमध्ये येऊनच. इथंच घोळ होते : पोरगा घरी येते, अपलोड राहून जाते. कपाशीत तूर असली तर मिश्र पीक निवडून दोन्हीचं क्षेत्र टाका लागते. चुकलं तर दुरुस्तीले 48 तास. सातबाऱ्यावर कपाशी चढली नाही, तर कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी अडते. आता यात नागरिक कोण बाप्पा, बाप का पोरगा?

उमरखेडची_ताई
ज्याला ते 48 तास माहीत आहेत तो.

रानवाट_यवतमाळ
हे पटलं, अर्धंच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 78व्या फेरीत फाइल कॉपी करता येते का, ईमेलला जोडून पाठवता येते का, असं विचारलं होतं. त्यात 48 तास बसत नाहीत. प्रश्नावलीत तीन रकाने टाका : काम कोणाच्या नावचं, बोट कोणाचं, चूक झाली तर तक्रार कुठे करायची हे दोघांपैकी कोणाला ठाऊक. एकक मात्र घरच.

उमरखेडची_ताई
मग तिसरा रकाना बाईला एकटीला विचारा. नवरा शेजारी बसला असताना घेतलेलं उत्तर मी धरणार नाही.