मदत हवी आहे: हिटलरच्या १९३३ च्या मतदानाचं गणित
जर्मनीचा तो सगळे अधिकार हिटलरला देणारा कायदा, २३ मार्च १९३३, बर्लिनच्या क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये संसदेचं मतदान, बाजूने ४४४ विरोधात ९४. सगळीकडे वाचतोय की कॅथलिक सेंटर पार्टीने साथ दिली म्हणून लागणारं दोन तृतीयांश बहुमत झालं. पण त्यांच्या ७३ जागा उलट्या बाजूला टाकल्या तरी ३७१ विरुद्ध १६७ येतं, म्हणजे ६९ टक्के, पास! कम्युनिस्टांचे ८१ जण आत नव्हतेच, ते धरलेलं नाहीये. कोरमला एकूण ६४७ सदस्यांपैकी ४३२ हजर हवे होते पण संसदेचा अध्यक्ष गोरिंगने विनाकारण गैरहजर असलेल्यांना हजर मोजायचा नियम आधीच करून ठेवलेला (काय डोकं!). दहशत, धमक्या माहितीयेत, ते नकोय. सेंटर पार्टी नाही म्हणाली असती तर निव्वळ आकड्यांवर कायदा अडला असता का, की माझंच कुठेतरी चुकतंय?