डावे, उजवे, जहाल, पुरोगामी : कोणता शब्द कुठे?

प्रश्न

‘पोलिटिकल स्पेक्ट्रम’साठी ‘राजकीय वर्णपट’ हा शब्द दिसतो. तो योग्य वाटतो का? शिवाय आपल्याकडे जहाल-मवाळ, पुरोगामी-प्रतिगामी, सुधारक-सनातनी अशा जोड्या आधीपासून आहेत. डाव्या-उजव्यांच्या रेषेवर त्या नेमक्या कुठे येतात? जहाल म्हणजे डावा आणि मवाळ म्हणजे उजवा असं धरलं, तर टिळक डावे आणि गोखले उजवे ठरतात. हे पटत नाही, पण चूक नेमकी कुठे होते तेही सांगता येत नाही.

राज्यशास्त्र

आधी उगम पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथंच आहे. १७८९ मध्ये फ्रान्सची राष्ट्रीय सभा व्हर्सायला भरत होती. राजाला नकाराधिकार द्यावा का, आणि दिला तर पूर्ण की तात्पुरता, यावर ११ सप्टेंबरला मतदान झालं. पूर्ण नकाराधिकाराच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, राजाची सत्ता आवळू पाहणारे डाव्या हाताला. बाजू मोजायची ती अध्यक्षांच्या खुर्चीवरून. सभागृहाची आकृती काढताना लोक दारातून आत येणाऱ्याच्या नजरेनं काढतात आणि बाजू उलट्या होतात.

म्हणजे सुरुवातीला प्रश्न एकच होता, राजाचा अधिकार. मालकी, कर, कामगार हे विषय या शब्दांना पुढच्या शतकात चिकटले.

आपल्या लोकसभेतही अध्यक्षांच्या उजवीकडे सरकार पक्ष आणि डावीकडे विरोधी पक्ष बसतात. तिथे मात्र बाकाचा विचारसरणीशी संबंध नाही. १९६७ च्या निवडणुकीत राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला ४४ जागा मिळाल्या. बसायला डावीकडे, आर्थिक धोरणात मात्र त्या सभागृहातला सर्वांत ठाम उजवा पक्ष. ‘डावीकडचे सदस्य’ आणि ‘डावे सदस्य’ यांत गल्लत करू नये ती यासाठी.

भाषा

मराठीत या दोन शब्दांचं आणखी एक ओझं आहे. ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणजे सरस. देवाचा कौल उजवा मिळाला की काम करायचं, डावा मिळाला की थांबायचं. मुलगी उजवली म्हणजे तिचं लग्न झालं. उलट डावलणे, डावं-उजवं करणे. त्यामुळे ‘त्यांची भूमिका उजवी ठरली’ या वाक्यातून ती सरस ठरली की उजव्या विचारांची ठरली हे कळत नाही. राजकीय अर्थ हवा असेल तेव्हा विशेषण एकटं सोडू नये. ‘उजव्या विचारसरणीची’, ‘डाव्या पक्षांची’ असं लिहावं. अनेकवचनी नाम म्हणून ‘डावे’, ‘उजवे’ चालतं, तिथे संदिग्धता राहत नाही.

‘वर्णपट’ भौतिकशास्त्रात चपखल आहे. राजकारणात ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवतं आणि वाचक अडखळतो. मी ‘राजकीय विचारांचा पट’ लिहीन. एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळतो ही मूळ शब्दातली छटा त्यात हरवते, हे मान्य.

इतिहास

टिळक-गोखल्यांचं उत्तर असं. जहाल आणि मवाळ हे शब्द ब्रिटिश सत्तेशी कोणत्या मार्गानं आणि किती वेगानं झगडायचं याबद्दलचे आहेत. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती या मुद्द्यावर. मवाळांना ‘नेमस्त’ही म्हणत, म्हणजे बेतानं, मर्यादेत चालणारे. समाज कसा असावा हा प्रश्न त्या जोडीत येतच नाही.

आता १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर नेणारा. टिळकांनी त्याला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. इथे जोडी सुधारक-सनातनी अशी आहे. पुढे १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं ते मवाळ गोखल्यांनी. म्हणजे सत्तेपुढे जहाल माणूस समाजाच्या बाबतीत जपून चालणारा असू शकतो, आणि उलटही. दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकीवर एक ठेवल्या की टिळक डावे ठरतात.

राज्यशास्त्र

अगदी बरोबर. कोणताही पक्ष किंवा नेता पटावर मांडताना चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. जमीन, कारखाने, बँका कोणाच्या मालकीच्या असाव्यात? जात, धर्म, स्त्री-पुरुष संबंध यांत परंपरा राखायची की बदलायची? व्यक्तीवर राज्यसत्तेची पकड किती असावी? आणि बदल कोणत्या मार्गानं आणायचा, मतपेटीतून, आंदोलनातून की शस्त्रानं? पहिल्या प्रश्नाला डावे-उजवे (सरकारी किंवा सामूहिक मालकीकडे झुकणारे डावे, खासगी मालकी आणि खुल्या बाजाराकडे झुकणारे उजवे), दुसऱ्याला पुरोगामी-सनातनी, चौथ्याला जहाल-मवाळ हे शब्द नेमके बसतात. तिसऱ्यासाठी मात्र मराठीत जोडी रुळलेली नाही. ‘स्वातंत्र्यवादी’ आणि ‘अधिकारशाहीवादी’ पुस्तकात ठीक वाटतात, बोलण्यात येत नाहीत.

शरद जोशींची शेतकरी संघटना ताडून पाहा. रस्त्यावर उतरलेले शेतकरी म्हटले की बातमीत लगेच ‘डावं आंदोलन’ येतं. पण संघटनेची मागणी काय होती? सरकारनं बाजारातला हस्तक्षेप थांबवावा. जोशींनी खुल्या अर्थव्यवस्थेला उघड पाठिंबा दिला. पहिल्या प्रश्नावर हे उजवं उत्तर. दुसऱ्यावर पाहिलं तर १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि बायकोच्या नावावर जमीन करून देणारी लक्ष्मीमुक्ती, म्हणजे पुरोगामी. मार्ग आंदोलनाचा, जहाल. तीन उत्तरं तीन दिशांना जातात आणि तिन्ही खरी आहेत. शेतकरी कामगार पक्षाचं तसं नाही. शेतकऱ्यांचाच पक्ष, पण १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्यानं मार्क्सवाद स्वीकारला, म्हणून पहिल्या प्रश्नावर स्पष्ट डावा.

उपसंपादक

‘समाजवादी’ या शब्दावर तर भारतात एकट्यानं विसंबूच नये. काँग्रेसनं १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९८० मध्ये भारतीय जनता पक्षानं स्थापनेच्या वर्षातच ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा जाहीर करावीच लागते. तेव्हा पक्षाच्या घटनेत शब्द आहे एवढ्यावरून त्याला डावा म्हणता येत नाही. त्याचं करांचं, कामगार कायद्याचं आणि खासगीकरणाचं धोरण पाहावं लागतं. ‘साम्यवादी’ हा शब्द मात्र एवढा सैल झालेला नाही.

अनुवादक

सर्वांत जास्त चुका ‘लिबरल’मध्ये होतात. युरोपात तो शब्द सहसा खुल्या बाजाराच्या बाजूचा. अमेरिकेत रूझवेल्टच्या काळापासून तो सरकारनं गरिबांसाठी खर्च करावा म्हणणाऱ्यांचा, म्हणजे तिथल्या पटावर डावीकडचा. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष तर परंपरावादी बाजूचा. सगळीकडे डोळे मिटून ‘उदारमतवादी’ घातलं की वाचकाला उलटा अर्थ मिळतो. देश पाहून ‘बाजारवादी उदारमतवादी’ किंवा ‘डावीकडे झुकलेले’ असं एकदा फोड करून लिहावं, पुढे हवं तर छोटा शब्द वापरावा.

ब्रिटनसाठी जुन्या मराठी वृत्तपत्रांनी काढलेली ‘हुजूर पक्ष’ (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि ‘मजूर पक्ष’ (लेबर) ही जोडी मला आजही अप्रतिम वाटते. दोन शब्दांत कोण कोणाच्या बाजूनं ते कळतं. ती टाकून देऊ नये.

रंगाबद्दलही सावध राहावं. आपल्याकडे ‘लाल बावटा’ म्हणजे कम्युनिस्ट, १९२८ च्या गिरणी कामगार युनियनपासून कानावर पडलेला. अमेरिकेच्या निकालांच्या नकाशात मात्र लाल रंग रिपब्लिकनांचा, म्हणजे उजव्यांचा. ‘लाल राज्यं’ असं भाषांतर करून सोडलं तर मुंबईचा वाचक भलताच अर्थ लावेल.

प्रश्नकर्ता

मग हे वाक्य कसं सुधारावं? ‘या जहाल डाव्या नेत्यानं वीज मंडळाच्या खासगीकरणाचं स्वागत केलं.’

उपसंपादक

नेता नक्षलवाद्यांसारखा शस्त्राचा मार्ग मानणारा नसेल तर ‘जहाल डावा’ आधी काढा. त्या अर्थानं ‘अतिडावा’ हा शब्द आहे, आणि तो जोडून लिहायचा. खासगीकरणाचं स्वागत करतो म्हणजे निदान या प्रश्नावर तो डावा नाही. जातिअंताच्या चळवळीतला असेल तर ‘पुरोगामी’ लिहा. मग वाक्य असं होईल : ‘आक्रमक आंदोलनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पुरोगामी नेत्यानं वीज मंडळाच्या खासगीकरणाचं स्वागत केलं.’